न लिहिलेल्या तपासण्या: वेब ॲप्लिकेशनमधील दुर्लक्षित त्रुटींविषयी

वेब ॲप्लिकेशनच्या सुरक्षेचा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी आधी एसक्यूएल इंजेक्शनचे (डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे विचारणेत, हल्लेखोराने आपला आदेश घुसवणे) नाव येते आणि त्यामागोमाग क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगचे (दुसऱ्याच्या पानावर आपली स्क्रिप्ट चालवणे). या दोन्ही त्रुटी आजही घातक आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांच्याविषयी इतकी वर्षे इतके लिहिले-बोलले गेले आहे की, आजची फ्रेमवर्क्स (ॲप्लिकेशन उभारण्याचे तयार सांगाडे) त्यांना मुळातच बराच आळा घालतात, स्कॅनर, म्हणजे त्रुटी शोधणारी स्वयंचलित साधने, त्या शोधून देतात आणि कोड रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेला त्या सवयीने टोचतात. वापरकर्त्याकडून आलेली स्ट्रिंग क्वेरीला थेट जोडलेली दिसली की नवखा प्रोग्रॅमरही थबकतो. माझ्या कामात मला जास्त अस्वस्थ करतात त्या त्रुटी निराळ्या आहेत. त्यांत चुकीची अशी एकही ओळ नसते. प्रत्येक ओळ वाचून पाहावी तर बरोबर, सगळ्या टेस्ट हिरव्या, स्कॅनरचा अहवाल कोरा. आणि तरीही एकाची कागदपत्रे दुसऱ्याला दिसत असतात, कारण जी तपासणी तिथे असायला हवी होती ती कोणी लिहिलेलीच नसते. डोळ्यांसमोरची चूक पकडण्यापेक्षा नसलेली गोष्ट हुडकणे कितीतरी अवघड असते, आणि दुर्लक्षित राहणाऱ्या बहुतेक त्रुटींचे मूळ मला तिथेच सापडत आले आहे.

याचे सर्वांत साधे रूप म्हणजे मालकीची न झालेली तपासणी. समजा, ग्राहकाला आपले बिल पाहता यावे म्हणून एक पान केले आहे आणि त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी ४८२१३ हा बिलाचा क्रमांक येतो. रिक्वेस्ट पाठवणाऱ्याने लॉगिन केले आहे का, हे सर्व्हर आधी पाहतो. केले असेल तर डेटाबेसमधून त्या क्रमांकाचे बिल काढून दाखवतो. क्वेरी पॅरामीटराइज्ड आहे (आलेली माहिती आदेशापासून वेगळी ठेवली आहे), पानावर येणारा मजकूर एस्केप केलेला आहे (त्यातील कोड चालणार नाही असा केला आहे), लॉगिनशिवाय आत शिरता येत नाही. फक्त हे बिल याच ग्राहकाचे आहे का, एवढे कुठेही विचारलेले नाही. शेवटचा आकडा बदलून ४८२१४ केला की दुसऱ्याच कोणाचे तरी बिल समोर येते. दारावरच्या रखवालदाराने ओळखपत्र पाहून आत सोडले म्हणून आतल्या प्रत्येक कपाटाला हात लावायची मुभा मिळत नाही, हे प्रत्यक्ष व्यवहारात कोणाला सांगावे लागत नाही. कोड लिहिताना मात्र ‘लॉगिन आहे’ आणि ‘परवानगी आहे’ या दोन गोष्टी सर्रास एकच धरल्या जातात.

ही त्रुटी किरकोळ वाटते, म्हणून तिची दोन मोठी उदाहरणे सांगणे भाग आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील सिटीग्रुप या बँकेच्या क्रेडिट कार्ड ग्राहकांच्या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी एका खात्यातून लॉगिन केले आणि पत्त्यात दिसणारा खाते क्रमांक बदलत बदलत साडेतीन लाखांहून अधिक खात्यांची माहिती काढून घेतली. २०१९ च्या मे महिन्यात पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी फर्स्ट अमेरिकन या, मालमत्तेच्या मालकीहक्काचा (टायटल) विमा देणाऱ्या कंपनीचे प्रकरण उघड केले, तेव्हा तर लॉगिनचीही गरज नव्हती. कागदपत्राच्या दुव्यातील आकडा बदलला की दुसरे कागदपत्र उघडत होते, आणि अशा रीतीने २००३ पासूनच्या सुमारे ८८.५ कोटी नोंदी, त्यांत बँक खात्यांचे क्रमांक आणि गहाणखतांचे तपशील, कोणालाही पाहता येत होत्या. यातला मला सर्वाधिक बोलका वाटणारा भाग नंतर बाहेर आला: अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०२१ मध्ये कंपनीला दंड केला, तेव्हाच्या आदेशात असे नमूद आहे की कंपनीच्या स्वतःच्या सुरक्षा विभागाला ही त्रुटी काही महिने आधीच सापडलेली होती, पण ती दुरुस्त झाली नाही आणि वरिष्ठांपर्यंत पोहोचलीही नाही. म्हणजे दुर्लक्ष केवळ नजरेतून सुटण्याने होते असे नव्हे. सापडलेली गोष्ट ‘किरकोळ’ या रकान्यात टाकूनही होते.

स्कॅनर इथे हात टेकतो, त्याला कारण आहे. स्कॅनरच्या दृष्टीने ४८२१३ ची विचारणा केली आणि २०० हा यशाचा कोड मिळाला, ४८२१४ ची केली आणि तोच कोड मिळाला; दोन्ही उत्तरे निर्दोष. कोणते बिल कोणाचे, हे ज्ञान त्या साधनाकडे नसते. ते फक्त व्यवसायाचे नियम जाणणाऱ्या माणसाकडे असते, आणि तो माणूस बहुधा सुरक्षेच्या बैठकीला बोलावलेला नसतो. ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत २०१७ साली प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी पाचव्या क्रमांकावर होत्या. २०२१ च्या यादीत त्या पहिल्या क्रमांकावर गेल्या आणि इंजेक्शन तिसऱ्या क्रमांकावर उतरले. इंजेक्शनला फ्रेमवर्क आवर घालू शकते, मालकी ओळखणे मात्र कोणत्याही फ्रेमवर्कच्या आवाक्यातले नाही, हे लक्षात घेतले तर या बदलाचे आश्चर्य वाटत नाही.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो, तो म्हणजे ओळीने येणाऱ्या क्रमांकांऐवजी लांबलचक, अंदाज न बांधता येणारे आयडी वापरण्याचा. वापरावेत, पण त्यांना परवानगी समजू नये. असा आयडी ईमेलमधून पुढे पाठवला जातो, लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) उतरतो, ब्राउझरच्या इतिहासात राहतो आणि पुष्कळदा त्याच ॲप्लिकेशनचा दुसरा एखादा एपीआय (प्रोग्रॅमना माहिती पुरवणारी वाट) तो आपणहून उत्तरात देत असतो. याहून फसवा प्रकार नेस्टेड पत्त्यांमध्ये आढळतो. पत्त्यात आधी प्रोजेक्टचा आयडी आणि मग त्यातील टिप्पणीचा आयडी असेल, तर कोड प्रोजेक्टवरचा अधिकार इमानेइतबारे तपासतो आणि नंतर टिप्पणी फक्त तिच्या स्वतःच्या आयडीवरून काढतो. टिप्पणी त्याच प्रोजेक्टची आहे का, हे कोणी पाहत नाही. हल्लेखोर स्वतःच्या प्रोजेक्टचा आयडी आणि दुसऱ्याच्या टिप्पणीचा आयडी एकत्र देतो आणि तपासणी पार करून जातो. रिव्ह्यू करणाऱ्याला तपासणीची ओळ दिसते, त्यामुळे त्याचे समाधान होते. असा कोड मुळीच तपासणी नसलेल्या कोडपेक्षा जास्त काळ टिकून राहतो. हीच गोष्ट पीडीएफ काढून देणाऱ्या, एक्सेलमध्ये उतरवून देणाऱ्या आणि जुन्या मोबाइल ॲपसाठी चालू ठेवलेल्या वाटांची. मुख्य पान कडेकोट आणि त्याच माहितीची मागची वाट सताड उघडी, असे चित्र मला वारंवार दिसते.

वाचण्याचा अधिकार जसा सुटून जातो, तसा लिहिण्याचाही सुटतो. फॉर्ममधून आलेली सगळी फील्ड जशीच्या तशी ऑब्जेक्टमध्ये भरून सेव्ह करण्याची सोय जवळजवळ प्रत्येक फ्रेमवर्क देते आणि ती अतिशय हातची वाटते. प्रोफाइलच्या फॉर्मवर नाव आणि पत्ता एवढीच दोन फील्ड आहेत. पण हल्लेखोर फॉर्म वापरतच नाही, तो रिक्वेस्ट हाताने बनवतो आणि तिच्यात ‘ॲडमिन: होय’ असे तिसरे फील्ड घालतो. या मास असाइनमेंटचे गाजलेले प्रकरण मार्च २०१२ मधले. येगोर होमाकोव्ह या तरुण प्रोग्रॅमरने रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या मूळ मांडणीत ही त्रुटी असल्याचे सांगितले, पण ती फ्रेमवर्क वापरणाऱ्यांची जबाबदारी आहे असे त्याला ऐकवले गेले. तेव्हा प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात ते गिटहब खुद्द रेल्सवरच चालत होते, आणि रेल्सचा कोडही तिथेच होता. त्याने गिटहबच्या सार्वजनिक की (खात्याची ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) भरण्याच्या फॉर्ममध्ये दुसऱ्या खात्याचा आयडी घुसवला, स्वतःची की रेल्सच्या खात्याला जोडली आणि रेल्सच्याच मुख्य कोडमध्ये एक कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करून दाखवला. १,००१ वर्षे पुढची तारीख असलेली एक तक्रारही त्याने नोंदवून ठेवली होती, हा त्यातला खट्याळपणा. त्यानंतर, २०१३ मध्ये आलेल्या रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत कोणती फील्ड स्वीकारायची हे कंट्रोलरमध्ये (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमध्ये) स्पष्ट सांगणे सक्तीचे झाले. इतर भाषांत आणि इतर फ्रेमवर्क्समध्ये मात्र हाच धडा पुन्हा पुन्हा नव्याने गिरवला जात आहे. उलट दिशेचा प्रकारही तितकाच सामान्य आहे: पडद्यावर फक्त नाव दिसते, पण एपीआयच्या उत्तरात पासवर्डच्या हॅशसकट (पासवर्डपासून बनवून साठवलेल्या संकेतासकट) वापरकर्त्याचे सगळे ऑब्जेक्ट आलेले असते. ब्राउझरचे डेव्हलपर टूल उघडायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता जरा निराळ्या जातीच्या त्रुटीकडे वळते, कारण तिथे तपासणी लिहिलेली असते आणि तरीही ती नसल्यातच जमा असते. सवलतीचे एक कूपन आहे आणि ते एकदाच वापरता यावे असा नियम आहे. कोड तीन पायऱ्यांत काम करतो: कूपन वापरले गेले आहे का ते वाचतो, नसेल तर सवलत देतो, शेवटी ‘वापरले’ अशी नोंद करतो. एका रिक्वेस्टपुरते हे चोख आहे. पण वेब सर्व्हर एका वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळतो. पहिल्या रिक्वेस्टने ‘वापरलेले नाही’ असे वाचले आणि तिची नोंद होण्यापूर्वीच दुसरीने वाचले, तर तिलाही तेच उत्तर मिळते, आणि दोघींनाही सवलत मिळते. पहिली पायरी आणि तिसरी पायरी यांच्यात जो काही मिलिसेकंदांचा अवकाश असतो, तेवढाच हल्ल्याला पुरतो.

इतक्या अचूक वेळी दोन रिक्वेस्ट कोण पोहोचवणार, असे म्हणून हा धोका पुष्कळ वर्षे बाजूला सारला जात असे. नेटवर्कमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला कमी-अधिक वेळ लागतो, त्यामुळे त्या म्हणण्यात तथ्यही होते. २०२३ मध्ये संशोधक जेम्स केटल यांनी ते मोडीत काढले. एचटीटीपीच्या दुसऱ्या आवृत्तीत एकाच जोडणीवरून अनेक रिक्वेस्ट एकमेकींत मिसळून पाठवता येतात. प्रत्येक रिक्वेस्टचा शेवटचा छोटा तुकडा राखून ठेवायचा आणि असे वीस-तीस तुकडे एकाच टीसीपी पॅकेटमध्ये घालून धाडायचे, अशी त्यांची युक्ती. पॅकेट एकच असल्याने वाटेतील विलंब सर्वांना सारखाच लागतो आणि सर्व्हरवर सगळ्या रिक्वेस्ट जणू एकाच क्षणी पूर्ण होतात. ही सोय सुरक्षा तपासणीच्या नेहमीच्या साधनांत आता तयार मिळते. त्यामुळे ‘हे प्रत्यक्षात घडणार नाही’ हा युक्तिवाद मी हल्ली ऐकून घेत नाही.

दुरुस्ती सांगितली की पहिले उत्तर येते, ‘पण आमचा कोड ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसच्या अनेक क्रिया एकत्र बांधणाऱ्या चौकटीत) आहे.’ त्याने बहुतेक वेळा भागत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ आयसोलेशन पातळी, म्हणजे ट्रान्झॅक्शन एकमेकींपासून किती अलग ठेवायच्या त्याची पातळी, ‘रीड कमिटेड’ आहे. तिच्यात दोन ट्रान्झॅक्शननी एकच ओळ वाचून तीच कृती करण्याला कोणतीही आडकाठी नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मूळ पातळी अधिक कडक असली तरी साधे सिलेक्ट, म्हणजे वाचण्याची क्वेरी, ओळीला कुलूप लावत नाही. वाचणे आणि लिहिणे यांमधील अंतरच नाहीसे करावे लागते: ‘अजून वापरलेले नसेल तरच वापरले असे नोंदव’ अशी एकच अपडेट क्वेरी लिहायची आणि तिने किती ओळी बदलल्या ते पाहायचे. एक बदलली तर सवलत द्यायची, शून्य बदलल्या तर नकार. जिथे हे जमत नाही तिथे ओळ लॉक करून वाचावी, किंवा डेटाबेसमध्येच युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारी अट) घालावा. कूपन हे उदाहरण सौम्य आहे. शिल्लक रकमेतून पैसे काढणे, ओटीपीच्या चुकीच्या प्रयत्नांची मोजणी, मोफत चाचणीची मुदत, एकाच निमंत्रणावर किती जण येऊ शकतात याची मर्यादा, या साऱ्यांची रचना तीच असते. ओटीपीच्या बाबतीत तर परिणाम फारच वाईट होतो, कारण पाच प्रयत्नांची मर्यादा मोजणारा काउंटरच जर आधी वाचून मग वाढवला जात असेल, तर ती मर्यादा कागदावरच राहते.

पासवर्ड विसरल्यावर तो बदलण्याची सोय ही माझ्या अनुभवात सर्वांत कमी तपासली जाणारी जागा. लॉगिनच्या पानावर सगळ्यांचे लक्ष असते. रीसेटचे पान कोणीतरी एकदा लिहिलेले असते आणि त्याकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. वास्तविक ती लॉगिनला पूर्ण वळसा घालणारी वाट आहे. तिथली एक त्रुटी पाहण्यासारखी आहे. रीसेटच्या ईमेलमध्ये पूर्ण दुवा द्यायचा असतो, त्यासाठी संकेतस्थळाचे डोमेन लागते, आणि अनेक फ्रेमवर्क्स ते रिक्वेस्टच्या होस्ट हेडरमधून (कोणत्या संकेतस्थळाकडे रिक्वेस्ट आहे ते सांगणाऱ्या ओळीतून) घेतात. हे हेडर ब्राउझर पाठवतो, म्हणजेच ते पाठवणाऱ्याच्या हातात असते. हल्लेखोर दुसऱ्याच्या ईमेल पत्त्यासाठी रीसेट मागतो आणि होस्ट हेडरमध्ये स्वतःचे डोमेन घालतो. पीडिताला ईमेल येते ती खऱ्या कंपनीच्या खऱ्या सर्व्हरवरून, खऱ्या स्वाक्षरीसह. फक्त आतला दुवा हल्लेखोराच्या डोमेनकडे जातो आणि त्याला चिकटलेला टोकन, म्हणजे पासवर्ड बदलू देणारा गुप्त संकेत, अस्सल असतो. पीडिताने, किंवा ईमेलमधील दुवे आपोआप उघडून तपासणाऱ्या एखाद्या फिल्टरने, तो उघडला की टोकन हल्लेखोराला मिळतो. डोमेन कॉन्फिगरेशनमध्ये एकदा लिहून ठेवणे हा उपाय एका ओळीचा आहे.

याच वाटेवर युनिकोडचे, म्हणजे जगातल्या सर्व लिप्यांना सामावणाऱ्या अक्षर-संकेतप्रणालीचे, भूतही वावरते. स्पॉटिफाय या संगीत ऐकवणाऱ्या सेवेने २०१३ मध्ये स्वतःच एक प्रकरण प्रसिद्ध केले, ते मला या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर उदाहरण वाटते. तिथे वापरकर्त्याच्या नावात युनिकोडची अक्षरे चालत असत आणि दिसायला सारखी नावे एकच ठरावीत म्हणून प्रत्येक नाव एका ठरावीक रूपात आणले जाई. ‘बिगबर्ड’ या नावाचे खाते आधीपासून आहे असे समजू. कोणीतरी तेच नाव ओळीच्या वर चढवलेल्या, आकाराने लहान कॅपिटल अक्षरांत लिहून नवे खाते उघडले. रूपांतर करणाऱ्या फंक्शनने ते एकदा चालवल्यावर साध्या मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत आणले, आणि अशा नावाचे खाते नसल्याने नोंदणी झाली. मग त्या नव्या खात्यासाठी पासवर्ड रीसेट मागितला. ईमेल रीतसर नव्या खात्याच्या पत्त्यावर गेली. दुवा उघडल्यावर नावावर तेच फंक्शन पुन्हा चालले, आणि या वेळी मोठ्या अक्षरांचे रूपांतर छोट्या अक्षरांत झाले. ते नाव मूळ खात्याचे होते, म्हणून पासवर्ड बदलला गेला तो मूळ खात्याचा. एकदा चालवले तरी आणि दोनदा चालवले तरी उत्तर तेच यावे, हा गुणधर्म त्या फंक्शनमध्ये आहे असे सर्वांनी गृहीत धरले होते आणि पूर्वी तो होताही. पायथनची आवृत्ती बदलल्यावर खालच्या लायब्ररीची वागणूक बदलली आणि तो गुणधर्म गेला. कोडची एकही ओळ न बदलता त्रुटी निर्माण झाली, हे इथे विशेष.

२०१९ मध्ये गिटहबच्या रीसेटमध्ये असाच एक प्रकार सापडला. तुर्की लिपीतील बिनटिंबाचा ‘आय’ कॅपिटल केला की साध्या ‘आय’चेच कॅपिटल रूप येते, त्यामुळे दोन वेगळे ईमेल पत्ते तुलनेत एक ठरत आणि टोकन मात्र विनंतीत टाइप केलेल्या पत्त्यावर जाई. तुलना कशीही करा, पण ईमेल पाठवताना डेटाबेसमध्ये साठवलेलाच पत्ता वापरा, एवढे पथ्य पाळले असते तर प्रश्न उद्भवला नसता.

सर्व्हरकडून फसवून रिक्वेस्ट करवून घेण्याचा प्रकार, म्हणजे एसएसआरएफ, ओवॅस्पच्या २०२१ च्या यादीत दहाव्या क्रमांकावर आला. तो उपलब्ध आकडेवारीच्या जोरावर आला नव्हता. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या सर्वेक्षणातून आला होता, आणि आकडे नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होती. दुवा दिला की त्याचे चित्र आणणारी सोय, वेबहुक (काही घडले की दिलेल्या पत्त्यावर कळवण्याची सोय), पानाची पीडीएफ करून देणारी सेवा, यांपैकी काहीही असले की सर्व्हर वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यावर स्वतः जातो. सर्व्हर मात्र अंतर्गत नेटवर्कच्या आत बसलेला असतो. क्लाउडमध्ये १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर मेटाडेटा सेवा, म्हणजे मशीनला स्वतःविषयीची माहिती देणारी सेवा, असते. त्या मशीनच्या आतून विचारले की ती त्या मशीनची तात्पुरती क्रेडेन्शियल्स (प्रवेशाच्या किल्ल्या) देते. २०१९ मध्ये कॅपिटल वन या बँकेत चुकीच्या पद्धतीने कॉन्फिगर केलेल्या वेब ॲप्लिकेशन फायरवॉलमार्फत (घातक रिक्वेस्ट अडवणाऱ्या भिंतीमार्फत) याच सेवेपर्यंत पोहोचून अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख व्यक्तींची माहिती काढली गेली. संरक्षणासाठी नेमलेली वस्तूच वाट ठरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने मेटाडेटा सेवेची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात आधी एका पुट रिक्वेस्टने टोकन मिळवावा लागतो, त्यामुळे नुसता पत्ता उघडायला लावून भागत नाही. मात्र ती आवृत्ती सक्तीची केली आहे का, की जुनीही सोबतीला चालू आहे, हे ज्याचे त्याने पाहावे लागते. पत्त्याची तपासणी करतानाही एक मेख आहे. डोमेन तपासले तेव्हा त्याचा आयपी बाहेरचा होता आणि प्रत्यक्ष जोडणी करताना डीएनएसने (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेने) आतला दिला, किंवा बाहेरच्या पत्त्याने आतल्या पत्त्याकडे रीडायरेक्ट केले, तर तपासणी फुकट जाते. म्हणून जोडणी ज्या क्षणी होते त्या क्षणी, ज्या आयपीशी होते त्याच आयपीची तपासणी करावी लागते.

उपलब्धता हा सुरक्षेचाच भाग आहे, हे पुस्तकात वाचलेले असते आणि रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातील नमुना शोधणारे सूत्र) लिहिताना विसरलेले असते. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. कारण होते ओळीच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोकळ्या जागा कापणारे एक निरुपद्रवी दिसणारे एक्स्प्रेशन. एका पोस्टमध्ये ओळीच्या मध्यभागी सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग आल्या होत्या. एक्स्प्रेशन पहिल्या जागेपासून निघून शेवटपर्यंत जाई, तिथे ओळीचा शेवट नाही असे पाहून परत फिरे आणि दुसऱ्या जागेपासून पुन्हा सुरुवात करी. २०,००० अधिक १९,९९९ अधिक १९,९९८ असे करत गेल्यास सुमारे २० कोटी तुलना होतात. ती पोस्ट नेमकी मुखपृष्ठाच्या यादीत आली आणि सर्व्हर जिवंत आहे का हे लोड बॅलन्सर (सर्व्हरांमध्ये काम वाटून देणारी यंत्रणा) मुखपृष्ठ उघडूनच पाहत असल्यामुळे त्याने सगळे सर्व्हर बाजूला काढले. २ जुलै २०१९ रोजी, असंख्य संकेतस्थळांच्या पुढे बसून त्यांची वाहतूक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या फायरवॉलच्या एका नव्या नियमातील एक्स्प्रेशनने असेच जगभरचे सीपीयू व्यापले आणि २७ मिनिटे असंख्य संकेतस्थळे एरर देत राहिली. दोन्ही वेळा हल्लेखोर कोणीच नव्हता. हल्लेखोर असता तर त्याला लागला असता केवळ एक टेक्स्ट बॉक्स आणि स्पेस बार.

काही त्रुटी मी इथे केवळ ओझरत्या नोंदवते, कारण त्यांचे कार्य समजायला सोपे आहे. बंद केलेल्या सेवेकडे बोट दाखवत राहिलेली डीएनएस नोंद, जिच्यामुळे त्या सेवेवर तेच नाव मागून घेणारा कोणीही तुमच्या सबडोमेनचा मालक होतो. ज्याने विचारले त्यालाच परवानगी देऊन टाकणारी सीओआरएसची (एका संकेतस्थळाने दुसऱ्याची माहिती वाचण्याच्या परवानगीची) मांडणी, आणि तीही कुकीसकट. बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होणारा मजकूर, जो सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलमध्ये) उतरवून एक्सेलमध्ये उघडला की सूत्र बनतो. ओपन रीडायरेक्ट, म्हणजे दुव्यात सांगितलेल्या कोणत्याही पत्त्याकडे वळवून देणे, तर ओवॅस्पच्या २०१३ च्या यादीत दहावा होता आणि २०१७ मध्ये वगळला गेला. यादीतून गेला म्हणून तो ॲप्लिकेशनांतून गेलेला नाही, आणि ओऑथच्या (दुसऱ्या सेवेच्या खात्याने केलेल्या) लॉगिनमध्ये टोकन बाहेर नेण्यासाठी आजही त्याचा उपयोग होतो.

या साऱ्यावर मी जे करते ते फारसे चमकदार नाही. कोणतेही ॲप्लिकेशन तपासताना मी दोन साधी खाती उघडते, पहिल्या खात्याने सगळीकडे फिरून येते आणि त्या सगळ्या रिक्वेस्ट दुसऱ्या खात्याच्या सेशनने (लॉगिनच्या ओळखीने), मग कोणत्याही सेशनशिवाय, पुन्हा पाठवून पाहते. कंटाळवाणे काम आहे, पण एखाद्या महागड्या साधनाने जे सापडले नाही ते पुष्कळदा यात सापडते. टेस्ट लिहिणाऱ्यांकडे माझा आग्रह असतो की, प्रत्येक नव्या एंडपॉइंटसोबत (रिक्वेस्ट स्वीकारणाऱ्या पत्त्यासोबत) नकाराची अपेक्षा करणारी निदान एक टेस्ट यावी; आपल्याकडे टेस्ट असतात त्या बहुतेक ‘योग्य माणसाला योग्य उत्तर मिळते’ एवढेच सिद्ध करणाऱ्या. आणि जिथे शक्य आहे तिथे मालकीची अट प्रत्येक कंट्रोलरमध्ये हाताने लिहू नये. डेटाबेसकडे जाण्याची वाटच चालू वापरकर्त्याच्या चौकटीतून जावी, म्हणजे अट घालायला विसरण्याची सोय राहत नाही आणि ती मुद्दाम काढायची झाली तर ते रिव्ह्यूमध्ये दिसते.

राहिला प्रश्न बाहेरच्या माणसाला त्रुटी सापडल्यास त्याने सांगायचे कोणाला. फर्स्ट अमेरिकनच्या प्रकरणात ज्याच्या ते लक्षात आले त्याने आधी कंपनीशीच संपर्क साधण्याचा प्रयत्न केला होता. दाद मिळाली नाही म्हणून तो पत्रकाराकडे गेला. यासाठी एप्रिल २०२२ मध्ये ९११६ क्रमांकाचा आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या पद्धती ठरवणारा दस्तऐवज, प्रसिद्ध झाला असून त्यात संकेतस्थळावर ठरलेल्या जागी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी टेक्स्ट फाइल ठेवण्याची पद्धत घालून दिली आहे. त्या फाइलमध्ये दोनच गोष्टी अनिवार्य आहेत: संपर्काचा पत्ता आणि ती माहिती कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य धरावी ती तारीख. दुसरी अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण ती तारीख जवळ आली की कोणाला तरी फाइल उघडावी लागते आणि त्या पत्त्यावर आलेली ईमेल अजून कोणी वाचते का, हे त्यानिमित्ताने विचारावे लागते.